फिलोमीन मावशी मूस खात नाही

आमच्या उत्तरेकडच्या वस्तीतल्या दवाखान्यात शहरातून नवी नर्स आली की पहिल्या आठवड्यातच विचारणार, "मूसचं मांस बीफसारखं लागतं का हो?" माझं डोकंच फिरतं. अगं बाई, आमच्या नदीवर आधी कोण आलं, मूस की गाय? मग बीफ मूससारखं लागतं का, ते विचार ना! पण पाहुण्याशी भांडायचं नाही म्हणून मी आपली म्हणायची, "जा, फिलोमीन मावशीला विचार. सगळ्या वस्तीत मांसातलं तिच्याइतकं कुणाला कळत नाही."

फिलोमीन मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. कुणीही मूस मारला की मांस धुरावर धरायला तिच्याकडेच यायचं. हरणाच्या जातीतलं, पण घोड्याहून उंच जनावर ते, एका बैठकीत थोडंच संपतंय? मावशी पातळ पट्ट्या कापायची, काठ्यांवर वाळत घालायची, खाली कुजक्या लाकडाचा धूर करायची. आणि हात न थांबवता नर्सला सांगायची.

"बीफ म्हणजे गोठ्यात उभ्या उभ्या जाड झालेलं जनावर. मऊ असतं, तुपकट असतं, पण जेवण झाल्यावर काय खाल्लं ते आठवत नाही. मेंढीच्या मांसाला लोकरीचा वास मारतो. अस्वलाचं डुकरासारखं गोड, पण ओठांना चरबी चिकटून बसते. नदीत बांध घालणारा तो बीव्हर खाल्ला की झाडाची साल चघळल्यासारखं वाटतं. कॅरिबू हरीण नाजूक, थोडं काळजाच्या चवीवर जाणारं."

"आणि मूस?"

"मूस गडद, कोरडा. चरबी नावालाच. घाईने गिळणाऱ्याला त्यात काही सापडायचं नाही. नीट चावलं की मागून हळूच वाळुंजाच्या डहाळ्यांची कडसर चव येते. हिवाळाभर तो तेच तर खातो. नाकाचा भाग उकडला तर जिभेवर विरघळतो. मात्र माजाच्या अखेरीस मारलेल्या नराचं मांस चुलीवर चढवू नका, घरभर घाण सुटेल."

"तुम्हाला खूप आवडत असेल ना?"

"मी खात नाही," मावशी म्हणायची आणि पुढची पट्टी कापायला घ्यायची.

नर्स माझ्याकडे बघायची आणि मी छताकडे. सांगणार काय? मावशीने इग्नेस काकाच्या तेराव्यापासून, म्हणजे आमच्याकडे मेल्या माणसासाठी जे गावजेवण घालतात तेव्हापासून, मूसचा घास तोंडात घातला नव्हता.

इग्नेस काका तिचा नवरा. उंच, लांब हातांचा, आणि भलता खोडकर. मावशीने काहीही रांधलं तरी पहिला घास घेऊन गंभीर तोंड करून म्हणायचा, "मीठ कमी आहे." मावशी पळी उगारायची. "कमी आहे तर ऊठ, समुद्रावरून घेऊन ये!" नदीकाठच्या शिकारीच्या सगळ्या तळावर हशा. रोजचं होतं ते.

काका कर्णा फुंकण्यात नावाजलेला. शरदात मूस माजावर येतात तेव्हा भूर्जाच्या सालीचा कर्णा करून मादीसारखी लांबलचक आर्त हाक घालायची आणि मग वाट बघायची. नर असेल तर झाडं मोडत येतो. आणि शिकारी असा पलीकडच्या तीरावर हाक घालत बसला असेल तेव्हा अलीकडे तळावर चिडीचूप. चूल विझवायची, कुत्र्यांची तोंडं बांधायची, पोराला खोकला आला तर त्याच्या तोंडावर हात. हाकेला उत्तर तर द्यायचंच नाही. माणसाचा आवाज कानी पडला की मूस गेलाच म्हणून समजा. हे आम्हाला चालायला लागण्याआधी शिकवतात.

त्या वर्षी काका पहाटे एकटाच होडी घेऊन वळणापलीकडे गेला होता. संध्याकाळी कर्ण्याची हाक आली. मावशीने चुलीवर ओली माती टाकली, कुत्री बांधली. हाक पुन्हा आली. लगेच पुन्हा. खरं तर एक हाक घातली की बराच वेळ थांबायचं असतं. मावशी माझ्या आईच्या कानात म्हणाली, "आज म्हाताऱ्याला भलती घाई झालीय गं! अशाने मूस येईल की पळेल?" दोघी तोंडाला पदर, म्हणजे शालीचं टोक लावून हसल्या. अंधार पडेपर्यंत हाका येत होत्या. मग थांबल्या.

सकाळी माणसं त्याला शोधायला गेली. मूस तिथेच पडलेला होता, सोललेला, अर्धा कापलेला, आदल्या दुपारीच मारलेला; दुपारच्या वाऱ्यात बंदुकीचा बार तळावर कुणाला ऐकू आला नव्हता. तंगडीचं हाड तोडताना कुऱ्हाड घसरून काकाच्या मांडीत बसली होती. नीट न बांधलेली होडी बंदुकीसकट वाहून गेली होती. ओरडलेलं एवढ्या लांब ऐकू आलं नसतं, म्हणून त्याच्याजवळ जे होतं ते त्याने फुंकलं. कर्णा हातातच होता.

मूस आधीच मारून झाल्यावर माणूस हाक घालतो ती कुणाला? मावशीला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मारलेलं जनावर वाया घालवायचं नसतं. त्याच मूसचं मांस काकाच्याच तेराव्याला रांधलं. पहिला तुकडा मेलेल्याच्या नावाने विस्तवावर ठेवायचा, बायकोने ठेवायचा, आणि "ये, जेव" म्हणायचं, अशी आमची रीत. मावशी तुकडा हातात धरून बसली. शेवटी तो विस्तवावर न ठेवता तिने स्वतःच्याच तोंडात घातला, चावला, आणि बाहेर जाऊन थुंकून आली.

पुढे बायका तिच्या मागेच लागल्या. न जेवलेला माणूस भटकत राहतो, फिलोमीन, एकदा त्याचं पान वाढ आणि मोकळी हो. माझी आई तर हात जोडायची. मावशीचं एकच उत्तर. "कुठल्या तोंडाने वाढू? त्याने बोलावलं तेव्हा मी कुत्र्यांची तोंडं बांधली. आता मी बोलावलं तर त्याने का यावं?"

आणि काका भटकत होताच. निदान मावशीला तरी तो ऐकू यायचा. दर शरदात तळावर गेलो की संध्याकाळी ती नदीकडे तोंड करून बसायची. "आला," म्हणायची. मला फक्त पाण्याचा आवाज यायचा. मी लहान होते तेव्हा भ्यायचे, मोठी झाले तेव्हा चिडायला लागले. भ्यायचे तेव्हाही, पण चिडलेलं बरं दिसतं.

मग मावशी आजारी पडली. पोटात गाठ. अन्न जाईना. डॉक्टरांनी शहरात ठेवायचं म्हटलं, ती म्हणाली, "मला तळावर न्या." मी पुष्कळ भांडले. शेवटी माझ्या नवऱ्याने, हेक्टरने, तिला उचलून होडीत बसवलं. वाटेत ती मला म्हणाली, "सेराफीन, मला मरायची भीती नाही गं. पण तिकडे तो भेटेल. विचारेल, ऐकू आलं होतं ना? मग मी काय सांगू?" मला रडूच फुटलं. म्हणून मी तिला ओरडले की शाल नीट गुंडाळ.

तिसऱ्या दिवशी हेक्टर वळणापलीकडे शिकारीला गेला. संध्याकाळ झाली तशी मी चूल विझवली, कुत्री बांधली. मावशी तंबूच्या तोंडाशी पांघरुणात बसली होती.

हाक आली.

लांब, आर्त. मीही ऐकली. मनात म्हटलं, हेक्टर आज छान घालतोय. थोड्याच वेळात पुन्हा आली. मग लगेच पुन्हा.

मावशी उठली. दोन महिने धड उभी न राहिलेली बाई! तिने पातेलं घेतलं, पळी घेतली आणि बडवायला सुरुवात केली. "इग्नेस! ऐकलं रे मी! आले! आले!" कुत्री पिसाळल्यासारखी उड्या मारायला लागली. मी तिचा हात धरला. "मावशी, वेड लागलं का तुला? हेक्टर मला जिवंत सोडणार नाही! अख्ख्या हिवाळ्याचं मांस जाईल!"

"हात सोड, पोरी. एकदा गप्प बसले तेवढं पुरे."

तिच्या तोंडाकडे बघून मी हात सोडला. तिने वाळक्या फांद्या एकावर एक टाकून केवढा तरी जाळ केला. ओरडून ओरडून आवाज बसला तेव्हा थांबली. नदीवरून पुन्हा काही आलं नाही.

थोड्या वेळाने वल्ह्यांचा आवाज आला. मी बोलणी खायची तयारी करून काठावर गेले. हेक्टरच आधी ओरडला, "काय झालं? मावशी गेली की काय? केवढा आरडाओरडा तो!"

"हाका ऐकून ती उठली... शिकार बुडवली रे तुझी. माझंही चुकलं."

"कसली शिकार बुडवली? दुपारीच मिळाला, वाऱ्यात तुम्हाला बार ऐकू आला नसेल. बघ होडीत. तेव्हापासून कापत बसलोय. आणि हाका कसल्या? कर्णा इथेच विसरलो ना मी."

मी मागे वळून बघितलं. कर्णा तंबूच्या खांबाला टांगलेला होता. दिवसभर माझ्या डोक्यावरच होता. मी हेक्टरचे दोन्ही पाय चाचपून बघितले. तो म्हणाला, "हे काय चाललंय?"

मावशीने मात्र काही विचारलं नाही. होडीतून तिने स्वतः पाठीचा तुकडा निवडला, काठीला टोचून भाजला. पहिला घास भूर्जाच्या सालीवर वाढला आणि सालीसकट विस्तवावर ठेवला. "इग्नेस, ये. जेव." साल पेटली, वळली, बिनचरबीच्या मांसाचा तो कोरडा धूर नदीकडे गेला. मग तिने दुसरा घास तोंडात घातला. दात तरी किती उरले होते! बराच वेळ चावत राहिली.

"कसं लागतंय, मावशी?" मी विचारलं.

तिने गिळलं. "मीठ कमी आहे," म्हणाली, आणि इतकी हसली, इतकी हसली, की मग रडायला लागली. मी तिला कुशीत घेऊन बसले.

नदी गोठली त्या आठवड्यात ती गेली. तिचं पान मी वाढलं, दोघांचं एकत्रच.

यंदा शरदात हेक्टर पलीकडे गेला होता. संध्याकाळी हाक आली. मी खांबाकडे बघितलं. कर्णा नव्हता, हेक्टरच घेऊन गेला होता, मला माहीत होतं. हाक एकच आली, नीट थांबून, शिकाऱ्याची असते तशी. तरी मी पातेलं उचललं आणि हात दुखेपर्यंत बडवलं. "हेक्टर! ऐकलं रे!"

तो आला तो शिव्या देतच. मूस अगदी पाण्यापर्यंत आला होता म्हणे, केवढी शिंगं, आणि या बाईने पातेलं वाजवलं! होडी बांधेपर्यंत त्याचं तोंड बंद नव्हतं. मी ऐकत उभी राहिले. इतकं बरं वाटत होतं ऐकायला. मग मी दुकानातलं डबाबंद बीफ गरम केलं आणि आम्ही दोघं पोटभर जेवलो.