दहा लाख एक

कन्हानहून मधुकरदादांच्या शेजाऱ्याचा फोन आला, "सर गेले." मी तोंडातला पोह्यांचा घास गिळत विचारलं, "कुठं? बाजारात?" पलीकडचा माणूस इतका गांगरला की म्हणाला, "नाही… घरीच आहेत." मग मला समजलं. पन्नाशी उलटली, तरी अशा वेळी जे बोलायचं नसतं, नेमकं तेच माझ्या तोंडून निघतं.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. जन्मभर कन्हानच्या शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही. कोणी एकटेपणाचा विषय काढला की म्हणायचे, "आपण मूळ संख्या आहो. एक आन् आपण स्वतः, तिसऱ्याचा भाग जात नाही." आमचं घर म्हणजे त्यांच्या लेखी संयुक्त संख्या. 'संयुक्त कुटुंब' हा शब्द गणिताच्याच कुण्या मास्तरानं काढला असणार, अशी त्यांची श्रद्धा होती.

मागच्या वर्षी ते न्हाणीत पडले आणि बायकोनं धोशा लावला, दादाले आपल्याकडं आणा. आमच्या जरीपटका वस्तीतल्या घरात आधीच पाच माणसं. सरळ 'चला' म्हणायला माझी जीभ रेटेना. मी पैज लावली. "दादा, दहा लाख एक! मूळ निघाली तर तुम्ही कन्हानलाच राहा. भाग गेला तर बोऱ्याबिस्तर आमच्याकडं." खरं सांगायचं तर ती संख्या मला मूळच वाटली होती. शेवटी एक, मध्ये नुसती शून्यं… हिला कोण फोडणार, म्हणूनच निवडली.

दादांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग हसले. "मंजूर. पण कॅल्क्युलेटर नाही. दोनापासून सुरू करतो, दर रविवारी एक मूळ संख्या घेऊन भागून पाहीन. घाई काहून करता, जावईबापू?"

मग रविवारचा फोन ठरूनच गेला. "कितीवर आले, दादा?" "त्रेचाळीसवर. बाकी उरून राहिली." मी चेहरा पाडून बायकोला सांगायचो आणि सुटल्यासारखा चहा प्यायचो. असे सहा महिने गेले. शेवटच्या फोनवर आवाज थकलेला होता. "सत्त्याण्णव झाले. बाकी अठ्ठावीस. आता पुढच्या रविवारी पाहू…" कंटाळले असतील, असं मी धरून चाललो. तो रविवार उजाडायच्या आधीच ते गेले.

तेरवीनंतर त्यांचं सामान आवरताना रविवारच्या भागाकारांची वही हाती लागली. एका पानावर एक भागाकार, अक्षर फळ्यावरच्यासारखं. सत्त्याण्णवच्या पुढच्या पानावर फक्त 'एकशे एक' लिहिलेलं, खाली कोरं. मी मोबाइलवर भागून पाहिलं. नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य.

बायको त्यांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, "अगं, एकच भागाकार राहिला होता. दादांना कळलंच नाही."

तिनं मान वर केली नाही. "त्याले पहिल्या दिवशीच माहीत होतं. शंभराचा घन अधिक एक… एकशे एकनं भाग जाणारच. नववीत मले त्यानंच शिकवलं होतं." हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. "घर सोडाले माणसाले वेळ लागते हो. त्या रविवारी दादा आपल्याकडं येणार होता."