पान एकशे बारानंतर

पुस्तकं वाचून माणूस मऊ होतो असं जो कोणी म्हणतो, त्यानं एकदा माझ्यासमोर येऊन म्हणावं. मी जन्मभर वाचत आले, आणि माझ्या हातून एका पोरीचा पुढचा दात पडला आहे आणि एका माणसाचं गळ्याजवळचं हाड मोडलं आहे. दोन्ही वेळेला कारण पुस्तकच होतं. दाताचं तर मला आजही काही वाईट वाटत नाही. मधल्या सुट्टीत तिनं माझ्या शिकारीच्या पुस्तकातलं वाघाचं पान टरकावलं आणि वर हसली. मी कंपासपेटी हाणली. मास्तरांनी तळहात सुजेस्तोवर रूळ मारला, घरी बाबांनी पट्टा काढला, आणि संध्याकाळी ते पान कणकेच्या खळीनं चिकटवून मी पुन्हा वाचायला बसले.

ऐंशीच्या दशकातलं मध्य प्रदेशातलं बालाघाट. शाळा हिंदी, बाजार हिंदी, रस्त्यावरची शिवीसुद्धा हिंदी. मराठी उरली होती ती घरात, आणि मराठी मंडळाच्या वाचनालयात. वाचनालय कसलं, सभागृहामागची एक खोली आणि दोन लोखंडी कपाटं. बाबा कोर्टात बाबू होते. तिथे त्यांना कोणी कुत्रं विचारत नव्हतं, पण वाचनालयाचे ते चिटणीस होते, आणि त्या खोलीत त्यांचा रुबाब बघण्यासारखा असे. दर वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात ते एका कादंबरीवर बोलत. दरवर्षी तीच कादंबरी. सासरी मार खाणाऱ्या एका सुनेची. बोलता बोलता बाबांचा आवाज कापायचा, चष्मा निघायचा, डोळ्यांना रुमाल लागायचा, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या बायका पदरात नाक शिंकरायच्या. घरी मारकुट्या असलेल्या माणसाला स्टेजवर असं रडताना पाहून मी चाट पडायची.

आता चूक कुठे झाली ते सांगते. उन्हाळ्यात फाटलेली पुस्तकं पोत्यात भरून बाबा स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या जिल्दवाल्याकडे बांधायला न्यायचे. दोराशिवण त्याची पक्की, पण मराठीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. "हम कहानी नहीं देखते बाबूजी, पन्ने का नंबर देखते हैं," असं तो अभिमानानं सांगे. आणि एका वर्षी त्यानं नंबरच पाहिला. त्या सुनेच्या कादंबरीची पहिली एकशे बारा पानं, आणि त्यापुढे एकशे तेरापासून दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकाची, जंगलात टोळी घेऊन फिरणाऱ्या एका डाकू बाईची. वर लाल कापडी पुठ्ठा. उरलेले दोन अर्धे कुठे गेले देव जाणे. बाबांनी पुस्तकं मोजून घेतली, आकडा जुळला, कपाटात लावली.

बरं, कोणाच्या लक्षात यावं! तीन वर्षं ते पुस्तक मंडळातल्या मोठमोठ्या घरांत जाऊन आलं. सगळ्यांनी परत देताना "फारच हृदयस्पर्शी आहे हो" असं सांगितलं. मराठी टिकली पाहिजे म्हणून पुस्तक घरी न्यायचं, टेबलावर ठेवायचं आणि पंधरा दिवसांनी परत करायचं, अशी आमच्याकडची रीत. एकशे बारा पानांपर्यंत एकजणही पोचला नव्हता, लाज नाही वाटत म्हणते मी!

मी पोचले. बारा वर्षांची होते. एकशे बाराव्या पानावर सून मार खाऊन चुलीपाशी डोळे पुसत बसलेली, आणि समोरच्या पानावर बघते तर कुऱ्हाड, घोडा, जंगल, आणि कोणाला न भिणारी बाई. नवरा कुठे गेला? तिनं त्याला मारला, दोन पानांच्या मध्ये. नाव काहून बदललं? घ्या, खून केल्यावर कोणी तेच नाव ठेवतं का, पोलीस धरतील ना! मला सगळं कसं स्वच्छ समजलं. पुढे मी हजारो पुस्तकं वाचली, चांगली चांगली, नावाजलेली. पण इतकी खरी वाटलेली गोष्ट मला पुन्हा भेटली नाही. आजही एखाद्या पुस्तकात बाई मुकाट मार खाते तेव्हा मी दात खाऊन वाट बघत असते, की आता उचलेल, आता उचलेल.

ते पुस्तक मी परत केलंच नाही. गादीखाली ठेवलं. दुपारी ताई तांदूळ निवडायला बसली की मी तिला वाचून दाखवायची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि शांत. नवरा गायब झाला तिथे ती सूप थांबवून म्हणाली, "बरं केलं वं तिनं." मग पुन्हा खडे वेचायला लागली.

वर्षभरानं ताईचं लग्न लालबऱ्याला झालं. नवरा तिथल्या एका राइस मिलमध्ये मुकादम. पहिल्याच दिवाळीला ती आली तर करंगळी वाकडी. दुसऱ्यांदा आली तेव्हा एका डोळ्यातला पांढरा भाग लालभडक झालेला, महिनाभर तसाच राहिला. तिसऱ्यांदा पाठीवर चिमट्याचा डाग. तापवलेला चिमटा. दर वेळी बाबा दोन दिवस ठेवून घेत. तिसऱ्या दिवशी आईला लाडू करायला लावत, स्वतः धुतलेला सदरा घालून तिला गाडीनं पोचवायला जात, आणि तिथे जावयासमोर हात जोडून "पोरगी लहान आहे, सांभाळून घ्या" म्हणून येत. माफी कशाची? करंगळी तिची मोडली होती! घरी येऊन आम्हाला सांगत, "सासर होय ते. थोडंबहुत सहन करा लागते."

चौथ्यांदा ती एकटीच आली, नेसत्या लुगड्यानिशी, आणि मी परत जात नाही म्हणाली. बाबा म्हणाले, पाहू. आठ दिवसांनी रविवारी भर दुपारी जावईच आला.

आईनं पाय धुवायला पाणी दिलं. जावई ना तो! पाट मांडला, मटण वाढलं. दोनदा मागून जेवला. हात पुसत ओसरीवर आला आणि ताईला म्हणाला, "चाल." ताई खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मी नाही येत." त्यानं तिची वेणी मुठीत धरली आणि डोकं खांबावर आपटलं. लाकडावर नारळ फोडतात तसा आवाज आला. आणि बाबा काय म्हणाले माहीत आहे? "जवाईबापू, हळू जी."

हळू! तो शब्द माझ्या कानात आजही खदखदतो. त्यानं दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा मी धावत परसात पोचले होते, सरपणाच्या ढिगाजवळ. कुऱ्हाड मला पेलत होती, रोज फाटी मीच फोडायची. डोक्यात विचार वगैरे काही नव्हता, नुसतं एकशे तेरावं पान होतं. मागून जाऊन मी घाव घातला. खोटं कशाला बोलू, मी धारेनंच घालायला गेले होते. हातात कुऱ्हाड फिरली आणि मागचा बोथा त्याच्या मानेशेजारी खांद्यावर बसला. वाळकी तुराटी मोडावी तसं काहीतरी कडकन मोडलं. तो गुरासारखा ओरडला, गुडघ्यावर आला आणि सगळं मटण अंगणात ओकला. मी पुन्हा कुऱ्हाड वर केली. त्याला मारूनच टाकायचं होतं मला. आईनं मागून कंबरेला मिठी घातली म्हणून तो जगला.

मग बाबांचा पट्टा. मी चौदा वर्षांची, तरी मला अंगणभर फिरवून मारलं. बक्कल भुवईवर लागून रक्त डोळ्यात उतरलं. दर फटक्याला विचारत होते, "कोनं शिकवलं तुले हे? बोल! कोनं?"

"तुमच्या पुस्तकानं!" मी किंचाळले. "तुमच्याच! त्या सुनेनं नाही का नवऱ्याले कुऱ्हाडीनं मारलं!"

पट्टा थांबला. बाबांना काही कळेना. मी धावत जाऊन गादीखालचं पुस्तक आणलं आणि त्यांच्या छातीवर फेकलं. त्यांनी पानं उलटली. एकशे बारा. एकशे तेरा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. ओसरीवर जावई खांदा धरून पोलिसात देण्याच्या धमक्या देत होता, आणि ह्या माणसाला हसू आलं! "अवं, हे दोन पुस्तकं होय! जिल्दवाल्यानं घोळ केला. ते सून काही कुऱ्हाड-गिऱ्हाड उचलत नाही."

"मंग काय करते?"

"विहिरीत जीव देते," बाबा म्हणाले. आणि सवयीनं त्यांचा आवाज कापला, अगदी स्टेजवर कापायचा तसाच.

तोवर ताई खांबाजवळ खाली बसली होती. कपाळावर टेंगूळ, ओठ फाटलेला. ती उठली आणि बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"तुमाले मालूम होतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"तिचं काय झालं ते. मले पोचवाले येत होते, लाडवाचा डबा घेऊन, तवा मालूम होतं?"

"ते गोष्ट होय, बाई," बाबा म्हणाले.

"हौ. गोष्टीतल्या बाईसाठी तुम्ही दरसाल रडता. साऱ्या बालाघाटानं पाह्यलं. मी तं तुमची पोरगी आहो, बाबा. मी विहिरीत पडल्यावर रडसान का?"

आईनं पदर तोंडात कोंबला. मी डोळ्यातलं रक्त पुसत बाबांकडे बघत होते. वाटलं, आता पट्टा तिच्यावर उतरणार.

जावई ओसरीवरून ओरडला, "निकालो उसको बाहर! साडेचारची गाडी आहे."

बाबांनी पुस्तक तुळशीच्या ओट्यावर ठेवलं. दाराशी गेले, खाली वाकले, आणि जावयाच्या दोन्ही चपला हातात उचलल्या. आमच्याकडे सासऱ्यानं जावयाच्या पायाशी वाकावं ते लग्नात, पाय धुवायला. बाबा त्या चपला घेऊन फाटकाबाहेर गेले, रस्त्याच्या मधोमध ठेवल्या, चपलांची तोंडं लालबऱ्याच्या दिशेनं करून, आणि फाटक उघडं धरून उभे राहिले.