भरतीला गळणारं छत

"तुमचा समुद्र आधी बंद करा! माझ्या उशीवर पडतोय!"

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या इमारतीत, जिन्यात उभे राहून आमचे घरमालक ओरडत होते. आखातात उमेदीची वर्षं घालवून परतलेले, एरवी शांत गृहस्थ; आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. जन्मभर वाळवंटात पाण्याला तरसलो आणि आता स्वतःच्या बेडरूममध्ये बुडून मरू का, असा त्यांचा सवाल होता. आवाज असा, की स्टँडवरच्या नेरे गावच्या एसटीने प्रवासी खालीच ठेवून धूम ठोकली.

समुद्र खराच होता. त्यांच्याच गच्चीवर, आम्ही भाड्याने घेतलेल्या. दूरच्या दोन बेटांमधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत कुणाला तरी धक्का बांधायचा होता, आणि तिथली भरती-ओहोटी नि प्रवाह कसे वागतील हे सांगायचं काम आमच्या साहेबांना हवं होतं. कॉम्प्युटरवर रंगीत नकाशे कुणीही दाखवेल, आपण पाणी दाखवू, म्हणत त्यांनी विटा-सिमेंटचं टाकं बांधलं. त्यात दोन बेटं, मध्ये सामुद्रधुनी. वाळू भरलेलं पिंप मोटरने पाण्यात बुडवलं की भरती, उचललं की ओहोटी. खऱ्या समुद्राला अर्धा दिवस लागतो ते आम्ही तासाभरात उरकायचो. प्रवाह दिसावा म्हणून मी पाण्यात कुरमुरे सोडायचो, ते सामुद्रधुनीतून असे सुटायचे की थेट पलीकडच्या आपटा गावात जाऊन पडत. बरं, आपटा राहू दे. शेजारच्या गच्चीवर तरी पडतच.

भानगड एकच होती. प्रत्येक भरती आधीच्या भरतीपेक्षा जराशी बुटकी यायची. तळाचं घर्षण जास्त होतंय, साहेब म्हणाले. मी तळाला चिकटवलेले खडे खरवडून काढले. मग घर्षण कमी पडतंय म्हणाले. मी तेच खडे परत चिकटवले. टाकं गळत असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही समुद्राचा विचार करत होतो, आणि समुद्र काही गळत नसतो.

ओरडून दमल्यावर चाचांनी तक्रार नीट सांगितली. गळतं, मग आपोआप थांबतं, परत गळतं. हे ऐकून लाजायचं सोडून साहेबांचा चेहरा उजळला. ते तडक खाली गेले आणि चाचांच्या पलंगावर घड्याळ घेऊन आडवे झाले. मी वरून भरती आणली. पहिला थेंब साहेबांच्या कपाळावर पडला. ओहोटी लागली, थेंब थांबले. भेग टाक्याच्या भिंतीत वर होती. पाणी भरतीलाच तिथवर पोचत होतं.

"वेळेवर आली हो, अगदी वेळेवर!" साहेब उशीला मिठी मारून म्हणाले.

चाचांनी आजच्या आज टाकं फोडायला सांगितलं. साहेबांचा सूर उतरला. धक्कावाले परवा बघायला येणार होते. टाकं नाही तर काम नाही, आणि काम नाही तर ऑफिसला कुलूप. चाचांनी उशी उचलून गळतीखाली बादली ठेवली. अखेर ठरलं की पाहुणे जाईपर्यंत टाकं राहील, मग भेग बुजवायची, आणि तोवर भरतीच्या वेळा रोज त्यांच्या दारावर लावायच्या. साहेबांनी त्या सुवाच्य अक्षरात लावल्या.

पाहुणे आले. साहेब इतके बोलले की सामुद्रधुनीलाही जांभई आली असेल. पाहुण्यांमधले मुख्य गृहस्थ मात्र पिंपाकडे संशयाने बघत होते. तेवढ्यात लुंगीतले चाचा गळतीच्या पाण्याची बादली ओतायला गच्चीवर आले. आमचा जीव त्या बादलीत. एक शब्द वाकडा, की संपलं. ते काम आम्हाला मिळालं ते चाचांमुळेच, असं मी अजून मानतो.

गृहस्थांनी त्यांनाच विचारलं, "काय हो, यांच्या भरती-ओहोटीवर विश्वास ठेवावा का?"

चाचांनी बादली पालथी घातली.

"ओहोटी लागली की मी झोपतो," ते म्हणाले. "भरतीच्या आधी उठतो. उशी अजून कोरडी आहे."