न्हानच्या घरातला केर

लाल नदीकाठच्या त्या गावात न्हानच्या घराइतकं लख्ख घर नव्हतं. नवरा, तोआन, वर्षभर पिऊन तिला मारायचा आणि फुटलेलं, सांडलेलं सगळं ती उजाडायच्या आत झाडून-पुसून टाकायची. गावाला कधी काही दिसलं नाही.

नव्या वर्षाच्या, तेतच्या पहिल्या सकाळी त्याने पूर्वजांपुढे ठेवलेली दारू मागितली. ती नाही म्हणाली. त्याने नैवेद्याचे वाडगे जमिनीवर आपटले आणि केसांना धरून तिला त्या ठिकऱ्यांवर लोटलं. कपाळातून रक्ताची धार लागली. तेवढ्यात अंगणात पाहुण्यांचे आवाज आले.

"ऊठ, आधी हे झाडून काढ," सासू कुजबुजली. "लोक काय म्हणतील?"

न्हान जागची हलली नाही. "तेतचे तीन दिवस केर काढला तर घराची बरकत जाते, आई. नवी नवरी होते तेव्हा माझ्या हातातला झाडू तुम्हीच हिसकावला होतात."

तोआन स्वतःच झाडूकडे धावला. पण बरकत घालवणं म्हातारीच्या जिवावर आलं. तिने त्याचा हात घट्ट धरला.

तीन दिवस अख्खं गाव शुभेच्छा द्यायला येत राहिलं आणि प्रत्येकजण त्या रक्ताळलेल्या ठिकऱ्या ओलांडून आत आला.