खोडरबर मॅडम आणि हमीची ओळ

आमच्या नारायण पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्यांना सगळे खोडरबर मॅडम म्हणत. मी लिहिलेल्या मजकुराची प्रिंट समोर धरायच्या आणि एकेक विशेषण उडवत जायच्या. 'क्रांतिकारी कार्यशाळा' वाचून त्यांनी मला विचारलं होतं, "अहो, क्रांती नक्की कितव्या मजल्यावर आहे? उगाच मुलांना जिने चढायला नकोत."

उभी हयात त्यांनी महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. तेव्हा पुण्यात आयटी कंपन्या उभ्या राहत होत्या आणि बाहेरगावाहून पदवी घेऊन आलेली मुलं मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला गप्प होत होती. त्यांच्यासाठी मॅडमनी निवृत्तीनंतर दोन दिवसांची कार्यशाळा सुरू केली आणि तिचं वेबपेज करायला त्या माझ्याकडे आल्या.

वेबपेज कसं असावं हे खरं तर मीच त्यांच्याकडून शिकलो. माझ्या पहिल्या पानावर फिरणारा ग्लोब होता. कर्वेनगरच्या सायबर कॅफेत ते पाहून आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा ग्लोब अवतरेपर्यंत शेजारची मुलगी उठून गेली." ग्लोब गेला. त्या जागी स्वारगेटहून कुठली बस पकडायची ते आलं. "आधी माणूस पोचू दे, मग त्याची प्रगती करू." 'ही कार्यशाळा कोणासाठी नाही' असाही परिच्छेद त्यांनी लिहिला. 'मी बोलायला शिकवते, नोकरी कंपनी देते' हे वाक्य तर ठळक अक्षरांत.

पान नेटकं झालं, पण कोणी येईना. पहिल्यांदा पाच जण आले, मग तीन, मग एकटी एक मुलगी. तिलाही मॅडमनी दोन्ही दिवस पूर्ण शिकवलं. पलीकडच्या गल्लीतल्या क्लासबाहेर मात्र रांग असे. मला बघवेना. एका सकाळी त्यांना न विचारता मी ते ठळक वाक्य काढलं आणि तिथे लिहिलं, 'नोकरीची हमी'.

त्या शनिवारी हॉल भरला. मॅडम दारातच थबकल्या, मग अशा खुलल्या की मीही सुखावलो. पहिल्या रांगेत अकोल्याहून आलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन बसले होते. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, नोकरीची ऑर्डर इथंच देता की घरी पाठवता? हिची तिकडची नोकरी सोडूनच आलो आम्ही."

मॅडमना काही कळेना. त्या गृहस्थांनी खिशातून माझ्या पानाची प्रिंट काढून दिली. मॅडमनी ती वाचली आणि मान वर करून म्हणाल्या, "हे खोटं आहे. मला नोकरी देता येत नाही. ज्यांना फक्त बोलायला शिकायचंय, त्यांनी बसावं."

कोणीही बसलं नाही, हॉल रिकामा झाला. ते गृहस्थ मात्र मुलीचा हात धरून बराच वेळ तसेच उभे होते.

मी माफी मागायला घरी गेलो, तेव्हा मॅडमनी आधी पाणी दिलं. "तुम्ही खोटं लिहिलंत, ते एक वेळ सोडून देईन," त्या म्हणाल्या. "पण खऱ्याला तीन जण आले आणि खोट्याला खुर्च्या पुरल्या नाहीत, हे मी बघितलंय. आता माझ्याच्याने शिकवणं व्हायचं नाही."

झालंच नाही. पुढे त्या गेल्या, तेही मला पेपरातल्या छोट्या चौकटीतून कळलं.

भरलेल्या हॉलची बातमी मात्र तेव्हाच पेठेत पसरली होती. महिनाभरात तीन क्लासवाले माझ्याकडे आले. "मॅडमना केलंत तसं पान आम्हालाही करून द्या," म्हणाले. मी तिघांनाही करून दिलं.