पलीकडचा हात

एन्नोरकडे जाताना मी खाडीवरच्या पुलाआधीच्या थांब्यावर चुकून उतरले. लेक पलीकडच्या दवाखान्यात बाळंत होणार होती. तमिळ पाटी वाचता येईना आणि कुणाला विचारायचा धीर होईना. मी पुटपुटले, "आई भवानी, आता काय करू?"

शेजारी एक म्हातारा ताक विकत होता. तंजावरकडच्या जुन्या मराठीत तो म्हणाला, "भवानीस कशाला त्रास अम्मा, मज पुसा की."

मग त्यानं मला ताक दिलं आणि जवळच्या दगडी डोणीत पाण्याची बादली ओतली. ती डोणी घोड्यांना पाणी पाजायची, तो सांगू लागला. पूल नव्हता तेव्हा टपालाची घोडागाडी इथंच थांबायची. त्याचा पणजोबा उतारूंना नावेत बसवून हात वर करायचा. पलीकडच्या गाडीवाल्यानं हात वर केला की मगच आपला खाली घ्यायचा. आता डोणीवर शेळ्या येतात, तरी हा रोज ती भरतो.

"इथून माणूस नुसतं धाडत नाहीत अम्मा, सोपवतात," तो म्हणाला.

बस आली. त्यानं कंडक्टरला दवाखाना समजावला, वर दटावलंही. मग हात वर करून उभा राहिला.

पूल संपला तरी त्याचा हात वरच होता. तो कशासाठी थांबलाय, ते मला उमगलं. सगळे बघत असताना मी खिडकीतून हात बाहेर काढून उंच केला. तेव्हा कुठे त्याचा खाली आला.

संध्याकाळी नर्सनं नात माझ्या हाती सोपवली, आणि त्याचं नाव विचारायचं राहिल्याचं मला आठवलं.