काळं लिंबू

आक्कांना जाऊन सव्वा महिना झाला. निरोप आला तेव्हा मी आमच्या क्रांती चौकाजवळच्या घरात, सुनेनं फेकायला काढलेला जुना साखरांबा चाखून बघत होते. पुतण्या दारात उभा होता, चप्पलही काढली नव्हती त्यानं. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला... माझं बोट तोंडातच राहिलं. जिभेला लावल्याशिवाय जुनं खाणं टाकायचं नाही, ही सवय मला लावली ती आक्कांनीच.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन गंगापूरहून औरंगाबादेत आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. थोरले दीर कचेरीत उर्दूत कागद लिहायचे आणि गुळमंडीच्या मागच्या आमच्या तीन खोल्यांत सासूबाईंचा कायदा चालायचा. चैत्रात वाळवणं घालायच्या आधी माळा रिकामा व्हायचा आणि वर्षभर विसरलेलं सगळं खाली यायचं. खवट शेवया, दगड झालेला गूळ, कुणाच्या तरी बाळंतपणातला उरलेला डिंक. चाखायचा मान थोरल्या सुनेचा. आक्का डोळे मिटून चिमूटभर जिभेवर ठेवायच्या आणि निकाल द्यायच्या, "हे गाईला," "हे चालतंय," नाहीतर "हे अजून व्हायचंय." एकदा खव्याचा गोळा समजून त्यांनी कपड्याचा साबण चाखला होता. तेव्हासुद्धा आधी निकाल दिला, "हे गाईलाबी नको," आणि मग चूळ भरायला धावल्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून घोळ झाला. आमच्या गंगापूरच्या घरी लिंबं चिरून एक दिवस नुसती ठेवायचे, मीठ दुसऱ्या दिवशी. सासरी चिरतानाच मीठ पडायचं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आक्कांनी आदल्या दिवशी मीठ घातलेल्या बरणीत मी सकाळी पुन्हा तेवढंच ओतलं आणि सुनेला शोभेल अशा ऐटीत खालीवर करून ठेवलं. आठ दिवसांनी फोड तोंडात धरवेना. मी घाबरून बरणी माळ्यावर गाद्यांच्या मागं सारली आणि सासूबाईंना सांगितलं, "बरणी हातातून सुटून फुटली, तुकडे उकिरड्यावर टाकून आले." सासूबाईंच्या तोंडी एक वाक्य नेहमी असायचं, "काम आलं नाय तर शिकवीन, पण खोटं बोलणारीला माहेरी पोचवीन." त्या बोलल्या तसं करणाऱ्या होत्या. चैत्र जवळ यायला लागला तसं मला अन्न गोड लागेना.

शेवटी तो दिवस आला. आक्का माळ्यावर चढल्या आणि उतरल्या त्या बरणी कडेवर घेऊनच. मी चुलीपाशी फुंकणी घेऊन बसले होते. त्यांनी एक फोड जिभेवर ठेवली. सगळा चेहरा गोळा झाला. सासूबाईंनी विचारलं, "काय गं ते?" आक्कांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं.

"हे व्हय, आत्याबाई? माझंच हाय. औषधाला म्हणून दुप्पट मीठ घालून वर ठेवलंतं. जुनं लिंबू लई गुणाचं असतंय."

"मग सांगायचं नाय व्हय?"

"इसरले."

खोट्याची शिक्षा काय ते त्यांनाही ठाऊक होतंच... तरी त्या एवढ्या सहज बोलल्या. मी त्या दिवशी न्हाणीत जाऊन पोटभर रडले.

पुढं दर चैत्रात तो सोहळा ठरलेला. आक्का गंभीर तोंडानं फोड चाखायच्या, "अजून व्हायचंय," म्हणायच्या आणि बरणी परत वर. मला हसू दाबता दाबता ठसका लागायचा. लिंबं काळी पडली, रस काकवीसारखा झाला आणि खरंच ते गुणाचं निघालं. शेजारच्या सकीना आपा पोरांचं पोट बिघडलं की मागायला यायच्या, "आक्का, जरा काला लिंबू होना था." निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, बरणी माळ्यावर होतीच. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना पाणीसुद्धा कडू लागायचं. आक्कांनी नखाएवढी फोड त्यांच्या जिभेला लावली. त्या कितीतरी दिवसांनी म्हणाल्या, "दे अजून." मी शेजारी बसून त्यांचे पाय चेपत होते. खरं सांगावंसं फार वाटलं, पण सांगितलं नाही.

आम्हा दोघींना ठाऊक असलेलं ते तोंडानं सांगितलं, ते थेट आक्कांच्या शेवटच्या आजारात. हात हातात घेऊन म्हटलं, "आक्का, ती बरणी फुटली नव्हती."

त्या बोळकं उघडून हसल्या. "त्याच दिशी कळलंतं मला. उकिरडा बघून आले की मी. एक तुकडाबी नव्हता तिथं."

"मग इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं, सुमन?" जरा दम घेऊन म्हणाल्या, "त्याच्यात माझंबी मीठ व्हतंच की..."

मला माहेरी परत जावं लागलं नाही. माझा संसार झाला, मुलं झाली, आज सून माझ्या हातचं खाते. हे सगळं त्या एका फोडीवर तरलं. आक्का, तुमचे उपकार मी आयुष्यभर खाल्ले आणि ते कधी खारट लागले नाहीत.

तेरावा झाल्यावर पुतण्याच्या बायकोनं माळा आवरायला काढला. बरणी खाली आली. तळाशी दोनच फोडी, डांबरासारख्या काळ्या. "काकू, टाकू का हे?" तिनं विचारलं आणि सगळी माझ्याकडं बघायला लागली. घरात थोरली आता मीच. मी एका फोडीचा कण डोळे मिटून जिभेवर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, ते आंबटपणानं आलं असं सगळ्यांना वाटलं असेल.

"अजून व्हायचंय," मी म्हटलं, आणि बरणी परत वर ठेवायला लावली.